धुऱ्यावरची रुई : कौंडण्यपूरच्या पांढरीपासून सातबाऱ्यावरच्या पोटखराबापर्यंत

या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा राजे, संत, ग्रंथ आणि चळवळी यांच्याबद्दल ऐकतो. आज आम्ही एका झुडपाबद्दल बोलणार आहोत. ते लावायला कुणी पैसे मोजलेले नाहीत आणि त्याला पाणी घालण्याची तसदी कुणी घेतलेली नाही. ते झुडूप म्हणजे रुई.

वऱ्हाडात रुई म्हटलं की आधी एक खुलासा करावा लागतो. अकोल्याच्या, खामगावच्या किंवा अमरावतीच्या जिनिंगमध्ये तुम्ही ‘रुई’ म्हणालात, तर समोरचा माणूस भाव सांगायला लागेल. कापसातून सरकी वेगळी केली की जे उरतं ती रुई. तिच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या गाठींवर गेली दीडशे वर्षं आपल्या प्रदेशाचं सुखदुःख अवलंबून आहे. दुसरी रुई त्याच जिनिंगच्या कुंपणाबाहेर, उकिरड्याच्या कडेला उभी असते. जाड, भुरकट हिरवी पानं, फिकट जांभळी फुलं, आणि पान तोडलं की ठिबकणारा पांढरा चीक. नाव एकच, पण एका रुईचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो आणि दुसरीला भावच नाही.

आज आपल्याला या बिनभावाच्या रुईचा इतिहास पाहायचा आहे. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकणं सोपं जाईल. गेल्या अडीच-तीन हजार वर्षांत हे झुडूप फारसं बदललेलं नाही, त्याच्याकडे पाहणारी माणसं बदलली. प्रत्येक काळाने रुईला जे स्थान दिलं, त्यावरून त्या काळाची ‘उपयोग’ या शब्दाची व्याख्या कळते. आणि आपल्या काळाची व्याख्या आजवरच्या सगळ्यांत अरुंद आहे की काय, अशी आम्हाला शंका आहे.

सुरुवात कौंडण्यपूरपासून करू. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी हे गाव आहे. आज ते लहान दिसतं, पण हेच प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर असं मानलं जातं. दमयंतीच्या वडिलांची, राजा भीमाची ही नगरी. रुक्मिणीचं माहेर हेच. इथून पंढरपूरला रुक्मिणीची पालखी जाते आणि ती परंपरा १५९४ सालापासूनची असल्याचं सांगितलं जातं. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत रुक्मिणीस्वयंवर पूर्ण केलं. त्याआधी महानुभाव कवी नरेंद्रानेही हाच विषय घेतला होता. एवढ्या काव्यात ज्या गावाचं नाव आलं, त्या गावाच्या जमिनीत काय आहे हे पाहायला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. महापाषाणीय काळापासून सातवाहन काळापर्यंत आणि त्याच्याही पुढे तिथे माणसं राहत होती, हे त्यातून पुढे आलं.

आता यात रुई कुठे आली? ती जमिनीत आली. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी माणसं राहिली की चुलीची राख, गोठ्यातला कचरा, पडलेल्या भिंतींची माती, फुटकी मडकी हे सगळं साचत जातं आणि जमिनीचा रंग फिका पडतो. वस्ती उठून गेली तरी ही पांढर तशीच राहते. पुराणवस्तू शोधणारे लोक खेड्यात गेले की ‘तुमच्या गावाची जुनी पांढर कुठे आहे?’ असं विचारतात, ते यासाठीच.

अशा उपसलेल्या, तुडवलेल्या, चरून उघड्या पडलेल्या जमिनीवर रुई फार खुशीत वाढते. तिचं मूळ खोल जातं, पाणी थोडं लागतं, आणि जनावरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. शेळीसारखी शेळी, जी बोरी-बाभळी सोडत नाही, ती रुईला वळसा घालून जाते. म्हणून पडक्या गढीच्या ढिगाऱ्यावर, जुन्या पांढरीवर, ओसाड वाड्याच्या जोत्यावर तुम्हाला रुई दिसते. राजधान्या उठून गेल्या की त्या जागेचा ताबा घेणाऱ्यांत ती पहिल्या रांगेत असते. कवींनी कुंडिनपुरातल्या महालांची वर्णनं केली. महाल राहिले नाहीत. अशा टेकाडांवर उगवणाऱ्या झुडपाचं वर्णन करावं, असं मात्र त्यांना वाटलं नाही.

पण कवींच्याही आधी एक काळ होता, जेव्हा या झुडपाला फार मोठा मान होता. संस्कृतात रुईचं नाव ‘अर्क’. अर्क म्हणजे सूर्यसुद्धा. शतपथ ब्राह्मणात रुद्रासाठी जो शतरुद्रिय होम सांगितला आहे, त्यात आहुती द्यायची ती अर्काच्या पानाने. नेहमीचं लाकडी पात्र तिथे चालत नाही. देव उग्र आहे, त्याच्यासाठी पानही उग्रच घेतलं आहे.

त्याच ग्रंथाच्या दहाव्या कांडात एक संवाद आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आमचं त्याच्यावर जरा अधिक प्रेम आहे. श्वेतकेतूच्या यज्ञात होता म्हणून वैश्वावसव्य नावाचा ब्राह्मण आलेला आहे. त्याला प्रश्न विचारले जातात : तू अर्क जाणतोस का? अर्काची पानं जाणतोस का? फुलं जाणतोस का? मूळ जाणतोस का? ऐकणाऱ्याला वाटावं की वनस्पतिशास्त्राची तोंडी परीक्षा चालली आहे. मग उलगडा होतो. अर्क म्हणजे माणूस. त्याची पानं म्हणजे कान, फुलं म्हणजे डोळे, मूळ म्हणजे अन्न. थोडक्यात, रस्त्याकडेच्या झुडपाचा एकेक अवयव घेऊन माणसाला स्वतःकडे पाहायला शिकवलं आहे. त्या काळी झुडपाचा ‘उपयोग’ हा असाही असू शकत होता, विचार करण्यासाठी.

याचा अर्थ ते लोक रुईच्या विषाबद्दल अनभिज्ञ होते, असं समजू नका. महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींच्या उपमन्यू नावाच्या शिष्याची गोष्ट येते. गुरूने त्याचं भिक्षान्न बंद केलं, गाईचं दूध बंद केलं, वासरांच्या तोंडाचा फेसही बंद केला. भुकेने व्याकूळ होऊन त्याने रानात अर्काची पानं खाल्ली आणि तो आंधळा झाला, आंधळेपणी विहिरीत पडला. पुढे अश्विनीकुमारांनी त्याला दृष्टी दिली. गोष्ट गुरुभक्तीची आहे, पण तिच्यातलं निरीक्षण नेमकं आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, हे आजचे नेत्रतज्ज्ञही सांगतात. ज्या झुडपाचं फूल म्हणजे डोळा असं एका ग्रंथाने म्हटलं, त्याच झुडपाने डोळे जातात असं दुसऱ्याने सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच संस्कृतीला एकाच वेळी माहीत होत्या, आणि त्यांपैकी एक खोटी ठरवण्याची घाई तिला झाली नव्हती.

पुढे चित्र बदलत जातं. कालिदासाच्या शाकुंतलात, दुसऱ्या अंकात, दुष्यंत शकुंतलेबद्दल बोलताना म्हणतो की नवमालिकेचं फूल देठावरून गळून रुईवर पडावं तशी ही मुलगी ऋषीच्या आश्रमात आली. उपमा सुंदर आहे. पण तिच्यात रुईची जागा पाहा. मोगऱ्याच्या जातीचं नाजूक फूल चुकून जिथे पडलं ती अडगळ, एवढंच तिचं काम. यज्ञात जिच्या पानाने आहुती दिली जाई, ती नागर काव्यात विरूपतेची खूण झाली.

धर्मशास्त्राने तर तिला आणखी एक विचित्र भूमिका दिली, ती म्हणजे अर्कविवाह. एखाद्या पुरुषाच्या दोन बायका एकामागून एक वारल्या, तर तिसरं लग्न अशुभ मानलं जाई. तेव्हा तिसरं लग्न रुईच्या झुडपाशी लावायचं, आणि मग खऱ्या वधूशी जे होईल ते चौथं. तिसऱ्या बायकोवर येणारं संकट रुईने घ्यायचं. याची हसत हसत टिंगल करता येईल, पण थोडं थांबून पाहू. दोन बायका मेलेल्या पुरुषासाठी शास्त्राने झुडूप शोधून काढलं. त्याच समाजातल्या वरच्या जातींत एक नवरा मेलेल्या बाईसाठी लग्नाची वाटच बंद होती. कायद्याने ती वाट उघडायला १८५६ साल उजाडावं लागलं. म्हणजे रुईच्या निमित्ताने समाजाने स्वतःच्या नीतीबद्दल जबाब लिहून ठेवला आहे, फक्त तो तसा वाचायला हवा.

शास्त्राच्या बाहेर, सामान्य माणसांनी रुईशी वेगळंच नातं जोडलं. वऱ्हाडात कुठल्याही गावात शनिवारी मारुतीच्या देवळात जा. मूर्तीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ असते. कुणी म्हणतं, अर्क म्हणजे सूर्य आणि मारुतीने जन्मताच सूर्याकडे झेप घेतली, म्हणून. कारण काहीही असो, परिणाम असा झाला की रुईला गावात एक जागा मिळाली. पांढऱ्या फुलांची रुई, म्हणजे मांदार, गणपतीची झाली. नवग्रहांच्या होमात सूर्यासाठी समिधा रुईची. पायात काटा मोडला तर त्यावर चीक लावायचा, गुडघा सुजला तर पान गरम करून बांधायचं, हे आजीला कुणी शिकवावं लागलं नाही. रुईच्या कोळशाचा वापर बंदुकीच्या दारूत होत असे. फळ तडकलं की रेशमी केसांना लटकलेलं बी वाऱ्यावर निघतं. त्याला मुलं ‘म्हातारी’ म्हणतात आणि त्याच्यामागे धावतात.

आणखी एक गोष्ट हद्दीची. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावांच्या सीमेवर कोणती झाडं लावावीत, याची यादी आहे. वड, पिंपळ, पळस, सावर, ताड यांच्याबरोबर तिथे ‘चीक असलेली झाडं’ असा एक गट येतो. त्यात रुईच अभिप्रेत आहे असं आम्ही म्हणणार नाही, उंबरासारखी झाडंही चिकाचीच. पण तत्त्व लक्षात घ्या. जे सहज नष्ट होत नाही ते हद्दीवर लावावं. आपल्या धुऱ्यांवर रुई न लावताच येते आणि हेच काम करते.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. इथे रुईचा आणि कापसाचा रस्ता एकमेकांना छेदतो.

रॉबर्ट वाइट नावाचे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात होते. १८४२ पासून कोइमतूर इथे कापसाच्या प्रयोगांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांनी हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या धाग्यांचे दोर वळून कोणता दोर किती वजन पेलतो, याच्या चाचण्या घेतल्या. ते आकडे पुढे अनेक पुस्तकांत आले. नारळाच्या काथ्याचा दोर तुटला २२४ पौंडांवर. अंबाडीचा २९० वर. कापसाचा ३४६ वर. तागाचा ४०७ वर. आणि रुईच्या सालीच्या धाग्याचा दोर टिकला ५५२ पौंडांपर्यंत. म्हणजे उकिरड्यावरची रुई गाठीतल्या रुईपेक्षा दीडपटीहून अधिक भारी ठरली.

मग आपण आज रुईचे कपडे का घालत नाही? कारण साधं आहे. हा धागा खोडाच्या सालीतून हाताने सोडवावा लागतो, ताग कुजवतात तसा तो पाण्यात कुजवून सोपा होत नाही. शेंगेतला कापूस दिसायला रेशमी, पण आखूड, गुळगुळीत आणि ठिसूळ, त्याचं एकट्याचं सूत धड निघत नाही. धनुष्याच्या दोऱ्या, मासे धरायच्या दोऱ्या यांना घरबसल्या केलेला धागा पुरतो. गिरणीला तो पुरत नाही. मँचेस्टरला मजबुतीपेक्षा यंत्रात बसणारी वस्तू हवी होती.

आणि ती वस्तू वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत होती. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. रेल्वे आली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. ज्वारीच्या जागी पऱ्हाटी उभी राहिली. शतक संपता संपता, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये, याच प्रदेशाने भीषण दुष्काळ पाहिले, तेव्हा घरात रुईचे पैसे असले तरी बाजारातलं धान्य परवडेनासं झालं होतं.

याच काळात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने वऱ्हाडच्या जमिनीची मोजणी झाली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, हद्दीला निशाण्या आल्या, आणि जमिनीच्या प्रतवारीत एक शब्द पक्का झाला, पोटखराब. शेताच्या पोटात असलेली, पण लागवडीला न येणारी जमीन. नाल्याचा काठ, दगडाळ तुकडा, पडकी विहीर. आजही तुमचा सातबारा काढून पाहा, हा शब्द तिथे आहे. महसुलाच्या दृष्टीने तो चुकीचा आहे असं नाही, शेतकऱ्यावर नापीक तुकड्याचा सारा पडू नये हा त्यात चांगला हेतू होता. पण शब्द नुसते कागदावर राहत नाहीत, डोळ्यातही उतरतात. ज्यावर सारा नाही ती जमीन ‘खराब’, आणि तिथे जे उगवतं ते खराबातलं. रुईचा पत्ता तेव्हापासून पोटखराब असा झाला.

आता या खराबात नेमकं काय चालतं, ते पाहू. रुईच्या पानाच्या मागच्या बाजूला एक केशरी फुलपाखरू एकेक अंडं घालतं. पंखांची टोकं काळी, त्यात पांढरे ठिपके. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर आणि मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात. लिनिअसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, पण माणसाने त्याला त्याच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. इजिप्तमध्ये थेब्ज इथल्या नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातली भित्तिचित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती इसवी सनापूर्वी सुमारे १३५० ची. पाणथळ जागी पक्ष्यांची शिकार चालली आहे आणि हवेत फुलपाखरं आहेत. जाणकारांनी त्यात हेच फुलपाखरू ओळखलं आहे.

अंड्यातून निघालेली अळी काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची असते. तिचं अन्न म्हणजे रुई आणि तिच्या भाऊबंदांची चिकाची झाडं. ती पानाची शीर आधी कुरतडते, चीक वाहून जाऊ देते, आणि मग पुढचं पान खाते. तरी पानातलं विष पोटात जातंच. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं हे विष अळी अंगात साठवते. अळीचा कोष होतो, कोषातून फुलपाखरू निघतं, आणि रुईतलं ते विष फुलपाखराच्या अंगात उतरतं. पक्ष्याने ते एकदा खाल्लं की त्याला ओकारी होते आणि तो रंग त्याच्या कायमचा लक्षात राहतो. अमेरिकेत लिंकन ब्राउवर या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याच कुळातल्या मोनार्क फुलपाखरावर असे प्रयोग केले. फुलपाखरू खाऊन ओकणाऱ्या निळ्या जे पक्ष्याचा फोटो तेव्हापासून जीवशास्त्राच्या पुस्तकांत आहे. म्हणूनच बिबळ्या कडवा कसा सावकाश, बिनधास्त उडतो. त्याला घाई नाही. डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच जातीच्या फुलपाखराची मादी तर याचा वेश घेऊन फिरते. तिच्या अंगात ते विष नाही, पण पक्षी फसतात.

गंमत इथेच संपत नाही. या फुलपाखराच्या नराला मादीला आकर्षित करण्यासाठी एक सुगंधी द्रव्य तयार करावं लागतं, आणि त्याचा कच्चा माल त्याला खुळखुळ्यासारख्या झाडांतून शोषून घ्यावा लागतो. म्हणजे अळीला रुई हवी आणि नराला खुळखुळा हवा. दोन्ही कुठे असतात? धुऱ्यावर. रुईवर पिवळा-निळा रंगीत टोळ राहतो. तिच्या फुलावर मोठा काळा भुंगा येतो आणि परागीभवन मुख्यतः तोच करतो. महसूल खात्याच्या भाषेत जे पोटखराब, ते यांच्या भाषेत घर, दुकान आणि लग्नाचा मांडव.

आता आजचं. रुई संपत चालली आहे असं आम्ही म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. ती तोडली तरी बुडातून पुन्हा फुटते. बिबळ्या कडवाही सर्वत्र दिसतो. प्रश्न धुऱ्याचा आहे. वाटण्या झाल्या, शेतं लहान झाली, आणि दर साली वखराची एकेक पास धुऱ्यात शिरली. धुऱ्यावरून भाऊ भाऊ कोर्टात गेले. जो धुरा उरला त्यावर तणनाशकाचा फवारा आला.

इथे शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, आणि शहरात बसून ते फार सोपं आहे. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला मिळाली नाही, तरी तो पसरला. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकऱ्यांनी त्याची जाहीर लागवड करून कायद्यालाच आव्हान दिलं. त्यांच्या मागणीमागे खर्चाचा खरा हिशेब होता, तो नाकारून चालणार नाही. पण अमेरिकेत १९९६ नंतर अशाच वाणांचं सोयाबीन आणि मका आला, शेतातलं तिथलं रुईच्या कुळातलं झाड तणनाशकाने गेलं, आणि मोनार्क फुलपाखरं घटण्याच्या कारणांत ते एक मोठं कारण मानलं गेलं. मग तिथल्या लोकांनी परसात, रस्त्याकडेला, वाळवंटी राज्यांतही, तीच झाडं मुद्दाम लावायला सुरुवात केली. आधी खर्च करून मारायचं आणि नंतर खर्च करून लावायचं. हा हिशेब आपण त्यांच्याकडे पाहून आधीच करू शकतो.

आम्हाला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून यात एक प्रश्न दिसतो. एखादी वस्तू का राहू द्यावी? जुन्या माणसांकडे याची अनेक उत्तरं होती. देवाची आहे म्हणून. औषधी आहे म्हणून. हद्द दाखवते म्हणून. विषारी आहे, तिच्या वाटेला जाऊ नये म्हणून. यातली काही उत्तरं अंधश्रद्धेची होती, अर्कविवाहासारखी काही तर अन्यायाचीही होती. ती गेली ते बरंच झालं. पण ती गेल्यावर त्यांच्या जागी आपण एकच उत्तर ठेवलं : तिचे पैसे होतात का? रुईचे पैसे होत नाहीत. म्हणून ती जिथे दिसेल तिथे उपटायला आता कारणही लागत नाही. आमच्या मते एक जास्तीचं उत्तर पुन्हा शिकायला हवं, आणि ते श्रद्धेवर उभं नाही : ती दुसऱ्या कुणाचं तरी घर आहे. आपल्याला जे विष, तेच त्याचं संरक्षण. आपल्या उपयोगाच्या बाहेरही उपयोग असतो, एवढं मान्य करायला यज्ञ करावा लागत नाही.

मीमांसकांच्या आणि सांख्यांच्या ग्रंथांत एक न्याय येतो, त्याला अर्कमधुन्याय म्हणतात. त्याचा आशय असा : जवळच्या रुईवरच मध मिळत असेल, तर माणसाने त्यासाठी डोंगर का चढावा? पंडितांनी या शब्दावर वाद घातला आहे. काहींच्या मते मूळ शब्द ‘अर्क’ नसून ‘अक्क’ आहे, म्हणजे घराचा कोपरा, कारण रुईवर कुठला आलाय मध! आम्हाला वाटतं, असा वाद घालण्याआधी पंडितांनी घटकाभर रुईपाशी उभं राहायला हवं होतं. रुईच्या फुलात मध असतो, म्हणून तर तिथे भुंगा येतो.

तेव्हा आपल्याला करायचं ते फार थोडं आहे. ज्यांची शेती आहे त्यांनी धुऱ्याच्या टोकाला, विहिरीजवळ, जिथे वखर फिरतच नाही, तिथल्या दोन-चार रुया फवाऱ्यातून वगळाव्यात. खुळखुळाही राहू द्यावा. शिक्षकांनी पावसाळा सरता सरता मुलांना न्यावं आणि रुईचं पान उलटं करून दाखवावं. मोत्यासारखं पांढरट अंडं नाही तर पट्ट्यांची अळी मिळेलच. फक्त चीक डोळ्याला लागू देऊ नका, घरी आल्यावर हात साबणाने धुवा. उपमन्यूला अश्विनीकुमार भेटले, आपल्याला तालुक्याचा दवाखाना गाठावा लागेल. आणि कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या दर्शनाला गेलात, तर नदीकाठची जुनी पांढरही बघून या. तिथे एखादी रुई दिसली तर तिचंही पान उलटून पाहा.

प्रश्न असतील तर आता विचारा.